हँडलबारची निवड : दुचाकीवरील सुखासनाचा विचार

मोटारसायकल खरेदी करताना ग्राहक बहुधा चार गोष्टींची चौकशी करतो : किंमत, मायलेज, मासिक हप्ता आणि रंग. शोरूमच्या आवारात दोन मिनिटांची एक फेरी मारली की निर्णय पक्का होतो. पुढे सहा-आठ महिन्यांनी मनगट दुखू लागते, करंगळीला मुंग्या येतात, खांदे भरून येतात आणि त्याचा दोष वयाला किंवा रस्त्यांना दिला जातो. वस्तुतः या तक्रारींचे मूळ पुष्कळदा चालकाच्या हाताखालीच असते. ज्या वाकवलेल्या नळीला धरून तो गाडी चालवतो, त्या हँडलबारची ठेवण त्याच्या शरीराला अनुरूप नसते.

ज्यांचा प्रवास रविवारच्या फेरफटक्यापुरता मर्यादित आहे, त्यांना ही गोष्ट फारशी जाणवणार नाही. परंतु ग्रामीण शाखेतील कृषी अधिकारी, पाहणीसाठी गावोगाव फिरणारा कर्मचारी, वाड्यावस्त्यांवर सेवा पोहोचवणारा बँक मित्र, दूधविक्रेता किंवा विमा प्रतिनिधी यांच्यासाठी मोटारसायकल ही कार्यालयातील खुर्चीच असते. दररोज ५० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस असा हिशेब केला, तर वर्षाकाठी १५,००० किलोमीटर होतात. ताशी सरासरी ३० किलोमीटर वेग धरला, तर वर्षातले ५०० तास गाडीवर जातात. इतका काळ ज्या आसनावर बसायचे, त्याचा विचार खरेदीपूर्वीच होणे अगत्याचे आहे.

तीन बिंदूंचा त्रिकोण

चालकाचा देह गाडीला तीन ठिकाणी टेकतो : आसन, फूटरेस्ट आणि हँडलच्या मुठी. या तीन बिंदूंना जोडणाऱ्या त्रिकोणावर पाठीचा कल, गुडघ्यांचा कोन आणि हातांवरील भार अवलंबून असतो. एक बिंदू हलवला की उरलेल्या दोहोंचा परिणामही बदलतो. म्हणूनच हँडलबारचा विचार सुटा करून चालत नाही.

उत्तम बैठकीची खूण साधी आहे. पाठ किंचित पुढे झुकलेली, खांदे सैल, कोपरे थोडी वाकलेली आणि कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत हात जवळजवळ एका सरळ रेषेत असावा. धडाचा भार पोटाच्या व पाठीच्या स्नायूंनी आणि पायांनी पेलावा. तळहातांनी केवळ दिशा द्यावी. चालता चालता दोन्ही हातांची पकड क्षणभर सैल केली असता शरीर पुढे कोसळू लागले, तर हँडल फार खाली किंवा फार दूर आहे असे समजावे.

हँडलांचे घराणे

मोटारसायकलचे हँडल मुळात सायकलकडून आले आणि तिच्याप्रमाणेच त्याचेही अनेक प्रकार झाले. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या बुलेट, राजदूत आणि येझदी या गाड्यांची हँडले चालकाकडे वळलेली असत आणि चालक ताठ बसे. लंडनच्या एस कॅफेभोवती १९५० व १९६० च्या दशकांत जमणाऱ्या वेगप्रेमी तरुणांनी फोर्कच्या नळ्यांना थेट आवळलेली आखूड, खाली झुकलेली ‘क्लिप-ऑन’ हँडले लोकप्रिय केली. अमेरिकेत याच्या उलट, हात खांद्यापर्यंत उचलावे लागतील अशी अत्युंच हँडले शौकिनांनी बसवली.

भारतात हे वैविध्य विशेषत्वाने नव्या शतकात अवतरले. पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ मध्ये ‘एलिमिनेटर’ आणि २००५ मध्ये ‘ॲव्हेंजर’ या पाय पुढे पसरून बसण्याच्या गाड्या आणल्या. त्याच कंपनीच्या २००७ च्या ‘पल्सर २२०’ ला क्लिप-ऑन हँडल होते. ग्राहकासमोर आता केवळ इंजिनाचा नव्हे, तर बैठकीचाही पर्याय होता.

एकच इंजिन, दोन बैठकी

हँडलबारचा परिणाम समजून घेण्यासाठी दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतात ‘इंटरसेप्टर ६५०’ आणि ‘कॉन्टिनेंटल जीटी ६५०’ या दोन गाड्या एकाच वेळी सादर केल्या. दोहोंचे ६४८ सीसीचे जोड-सिलिंडर इंजिन एकच आणि सांगाडाही तोच. इंटरसेप्टरला मध्ये आडवी पट्टी असलेले रुंद, उंच हँडल आहे. जीटीला क्लिप-ऑन हँडल असून तिचे फूटरेस्ट अधिक मागे आहेत. पहिल्या गाडीवर चालक सरळ बसतो, दुसऱ्या गाडीवर टाकीकडे झुकतो.

बजाजने २०१५ मध्ये ॲव्हेंजरचे ‘क्रूझ’ आणि ‘स्ट्रीट’ असे दोन अवतार काढले, तेव्हाही हाच धडा दिसला. क्रूझचे हँडल उंच व मागे ओढलेले, तर स्ट्रीटचे सपाट. २२० सीसीच्या या दोन गाड्यांचे यांत्रिक अंतरंग सारखेच होते. तरी हातांची व पाठीची अवस्था वेगळी होती.

उंच म्हणजे आरामदायी?

हँडल जितके उंच तितका आराम अधिक, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हँडल उंचावल्याने मनगटांवरील भार कमी होतो, हे निश्चित. परंतु तो भार नाहीसा होत नाही. तो कण्याच्या तळाकडे जातो. पूर्ण ताठ बसलेल्या चालकाला खड्ड्याचा धक्का आसनातून थेट मणक्यात पोहोचतो. पाय शरीराखाली असतील, तर गतिरोधकावर फूटरेस्टवर जोर देऊन तो किंचित उठू शकतो. पाय पुढे पसरलेले असतील, तर ती सोयही उरत नाही. कंबरदुखीचा त्रास असलेल्या व्यक्तीने केवळ रुबाबदार उंच हँडल पाहून क्रूझर निवडणे त्यामुळेच धोक्याचे ठरू शकते.

दुसरा घटक वाऱ्याचा. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ८० किलोमीटरवर जाताना तो चौपट होतो. शहरात सुखद वाटणारी ताठ बैठक महामार्गावर छातीवर दाब घेते आणि चालकाला हँडल धरून लोंबकळल्यासारखे राहावे लागते. याउलट, वेगात थोडे पुढे झुकलेल्या चालकाच्या धडाला वाराच आधार देतो. पण हीच झुकलेली बैठक सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या वाहतुकीत मनगटे व मान शिणवते. आपला प्रवास प्रामुख्याने कोठे होतो, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी सोडवावा.

मापे कशी घ्यावीत

हँडलबारची चार मापे महत्त्वाची : रुंदी, उंची, मागील वळण आणि नळीचा व्यास.

रुंदीमुळे तरफेचा लाभ मिळतो. स्टीअरिंगच्या मध्यापासून हात ३५ सेंटिमीटरवर असण्याऐवजी ४० सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्याच बळात सुमारे १४ टक्के अधिक वळणबल मिळते. कच्च्या रस्त्यावर किंवा जड गाडीवर हे उपयोगी पडते. मात्र फार रुंद हँडल खांदे ताणते आणि दाट वाहतुकीत गाडी काढणे अवघड करते. चालकाच्या खांद्यांपेक्षा थोडी अधिक रुंदी सामान्यतः सोयीची असते.

व्यासाबाबत चूक परवडत नाही. बहुसंख्य गाड्यांची नळी २२ मिलिमीटरची असते. काही क्रूझर गाड्यांना २५.४ मिलिमीटरची लागते. तर काही आधुनिक हँडले पकडीच्या जागी २८.६ मिलिमीटर जाड असून टोकांकडे निमुळती होतात. पकड एका मापाची आणि नळी दुसऱ्या मापाची असेल, तर ती केव्हाही सरकू शकते.

उंची आणि मागील वळण ठरवण्याची एक सोपी रीत आहे. गाडी मध्य-स्टँडवर उभी करून नेहमीच्या पद्धतीने बसावे, पाय फूटरेस्टवर ठेवावेत, डोळे मिटावेत आणि हात सहज पुढे उचलावेत. मुठी जेथे स्थिरावतील, तेथपासून प्रत्यक्ष मुठीपर्यंतचे अंतर सहकाऱ्याने टेपने मोजावे. दोन-तीन वेळा मोजून आलेली सरासरी हीच गरज समजावी. दोन सेंटिमीटरचा फरकही दिवसभराच्या प्रवासात स्पष्ट जाणवतो.

शरीराची भाषा

अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होत असतील, तर मनगट सतत वर वाकलेले राहते का, हे पाहावे. करंगळी व अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या टाचेवर भार व कंपन येत असण्याची शक्यता असते. मानेचा मागचा भाग दुखणे हे बहुधा हँडल फार खाली असल्याचे, तर दोन्ही पात्यांमधील वेदना हे ते फार दूर किंवा फार रुंद असल्याचे लक्षण असते. बधिरता गाडीवरून उतरल्यावरही टिकत असेल, तर मेकॅनिकऐवजी डॉक्टरांची भेट घ्यावी. मधुमेहासारखी कारणेही त्यामागे असू शकतात.

आधी विनाखर्चाचे उपाय

नवे हँडल घेण्यापूर्वी आहे तेच जुळवून पाहावे. पकडीचे बोल्ट सैल करून हँडल काही अंशांनी पुढे-मागे फिरवता येते. क्लच व ब्रेकच्या लिव्हरचा कोन पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच राहतो. तो हाताच्या सरळ रेषेत आणला की मनगटाची अर्धी तक्रार मिटते. झिजलेल्या ग्रिप बदलणे, टायरमधील हवा योग्य ठेवणे आणि हँडलच्या टोकांची वजने जागेवर आहेत ना हे पाहणे, यांनी कंपन कमी होते. त्यानंतरही उणीव राहिल्यास मूळ हँडलखाली बसणारे रायझर हा मधला मार्ग आहे.

बदल करताना

हँडल बदलणे म्हणजे केवळ नळी बदलणे नव्हे. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेकची नळी आणि स्विचच्या वायरी यांची लांबी मूळ हँडलच्या मापाने ठरलेली असते. नवे हँडल बसवल्यावर गाडी उभी असतानाच ते डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. कोणतीही केबल ताणली जाऊ नये, हात टाकीला लागू नये, आणि ॲक्सिलरेटर सोडताच आपोआप मिटला पाहिजे. हँडल वळवताना इंजिनाचा आवाज वाढत असेल, तर केबल ओढली जात आहे हे निश्चित. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

स्विचच्या डब्यांना आतून एक लहान खुंटी असते आणि ती हँडलच्या छिद्रात बसते. खुंटी कापून काम भागवल्यास स्विच नळीवर फिरू लागतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा गाडीची ब्रेकची नळी बदलणे अधिकृत सेवा केंद्रावरच सोपवावे. अपघातात वाकलेले हँडल ठोकून सरळ करणे किंवा वेल्डिंग करून जोडणे पूर्णतः टाळावे.

कायदा, विमा आणि कर्ज

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. हँडलची उंची नोंदणीपत्रात लिहिलेली नसली, तरी फार मोठा बदल वादाला निमंत्रण देऊ शकतो. म्हणून उत्पादकाने त्याच गाडीसाठी दिलेला सुटा भाग निवडणे श्रेयस्कर; शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना द्यावी आणि पावती जपून ठेवावी; अन्यथा दाव्याच्या वेळी अडचण उद्भवू शकते. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर ती बँकेकडे तारण असते आणि तिचा विमा अबाधित राहणे हे कर्जदार व बँक या दोघांच्याही हिताचे असते. बदल करण्यापूर्वी कर्जाच्या करारातील अटी एकदा वाचाव्यात.

या साऱ्यात सर्वांत स्वस्त उपाय खरेदीच्या आधीचा आहे. चाचणी फेरी दोन मिनिटांऐवजी अर्ध्या तासाची मागावी, त्यात एक गतिरोधक, एक सिग्नल आणि थोडा मोकळा रस्ता यावा, आणि जोडीदारासह प्रवास होत असेल तर जोडीदारालाही मागे बसवावे. हप्ते तीन वर्षांत फिटतात. मनगट आणि मणका मात्र आयुष्यभर सांभाळायचे असतात.