गुणाकारापूर्वी भागाकार

आपल्या समा भागातील घराघरांतून आज मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांना उपयोग व्हावा व वडीलधाऱ्यांसही त्या विद्येची थोडी ओळख व्हावी, या हेतूने सी भाषेतील एका लहानशा परंतु घातक चुकीविषयी चार शब्द लिहीत आहे.

जुन्या स्कूटरचे पाच घरांचे मीटर आपण पाहिलेच असेल. ९९,९९९ नंतर त्यात एक लाख मावत नाही. पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. संगणकातील संख्येलाही अशीच ठराविक घरे असतात. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकाची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५. त्यात एक मिळविला की शून्य! यंत्र तक्रारही करीत नाही.

सी भाषेत स्मृतीतील जागा ‘मॅलॉक’कडे मागताना एकूण बाइट सांगावे लागतात, म्हणजे नगांची संख्या गुणिले एका नगाचे माप. ती संख्या परक्याने सांगितलेली असली, तर गुणाकार मर्यादा ओलांडू शकतो. मग जागा मिळते चिमूटभर आणि प्रोग्रॅम माल भरू लागतो खंडीभर. शेजारची माहिती पुसली जाते व चोराला वाट मिळते.

हे काल्पनिक नव्हे. दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या ‘ओपनएसएसएच’मध्ये २००२ साली हाच दोष सापडला. समजा, पलीकडच्याने १,०७,३७,४१,८२५ उत्तरे येणार असे कळविले. प्रत्येकास ४ बाइट धरता हवेत ४,२९,४९,६७,३००. यंत्रात उरतात अवघे ४! दुरुस्ती साधी होती: शंभराहून अधिक उत्तरे स्वीकारावयाचीच नाहीत.

कोणी म्हणेल, गुणाकार करून मग तपासू. ते व्यर्थ आहे. दोन घरांच्या मीटरवर ३० गुणिले ५ केल्यास १५० ऐवजी ५० दिसतात. ५० हे दोहोंपेक्षा मोठे, म्हणून उत्तर खरेच वाटते! यास्तव आधी भागाकार करावा. मर्यादेस नगाच्या मापाने भागावे. संख्या त्याहून मोठी असल्यास मागणी तेथेच नाकारावी. किंवा ‘कॅलॉक’ वापरावे. त्याला संख्या व माप वेगवेगळे देता येतात, आणि आजची प्रचलित ग्रंथालये गुणाकाराची तपासणी स्वतःच करतात. जागा न मिळाल्यास शून्य निर्देशक परत येतो, तोही तपासलाच पाहिजे.

६४ बिटांची यंत्रे आली म्हणून निश्चिंत राहू नये. संख्या ३२ बिटांतच गुणली गेली, तर मोठे यंत्र काय करणार? आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचा हिशेब तपासावा, हे जमाखर्च लिहिणाऱ्यास जितके लागू, तितकेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासही.