शंभर डॉलरचा फरक

११ मे १९९५. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात व्हिडिओ गेम उद्योगाचे ‘ई-थ्री’ हे पहिले मोठे प्रदर्शन भरले होते. सेगा या जपानी कंपनीच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की व्यासपीठावर आले आणि त्यांनी सर्वांना चकित करणारी घोषणा केली. सेगाचे ‘सॅटर्न’ हे नवे यंत्र २ सप्टेंबरला बाजारात येणार, असे तोवर जाहीर झालेले होते. प्रत्यक्षात ते त्याच दिवशी निवडक दुकानांत विक्रीस उपलब्ध झाले होते. किंमत ३९९ डॉलर.

त्यानंतर पाळी होती सोनीची. सोनीचे अधिकारी स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, त्यांनी ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सोनीचे ‘प्लेस्टेशन’ सॅटर्नपेक्षा शंभर डॉलरनी स्वस्त असणार होते.

त्या पिढीतील तीन प्रतिस्पर्धी यंत्रांची कथा सांगताना हा प्रसंग हमखास सांगितला जातो. मात्र केवळ स्वस्त किंमत म्हणजे विजय, एवढाच त्याचा अर्थ लावला तर खरी गोष्ट हातून निसटते. सॅटर्न, प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ यांच्या स्पर्धेत यंत्राच्या गुणांइतकीच साठवण, पुरवठा, दुकानदारांशी असलेला व्यवहार आणि दिलेला शब्द यांची कसोटी लागली.

तीन घराणी

निन्टेन्डो ही तिघांतील सर्वांत जुनी पेढी. १८८९ मध्ये क्योटो येथे फुसाजिरो यामाउची यांनी हाताने बनवलेले ‘हानाफुदा’ पत्ते विकण्यासाठी ती सुरू केली. त्याच घराण्यातील हिरोशी यामाउची यांनी १९४९ मध्ये अगदी तरुण वयात कारभार हाती घेतला आणि २००२ पर्यंत तो सांभाळला. पत्त्यांच्या कारखान्यातून जगभर पोहोचलेला खेळांचा उद्योग त्यांच्याच काळात उभा राहिला.

सेगाची मुळे अमेरिकन सैनिकी तळांवर नाण्यांवर चालणारी यंत्रे पुरवणाऱ्या व्यवसायात होती. ‘सर्व्हिस गेम्स’ या नावाच्या आद्याक्षरांतून ‘सेगा’ हे नाव घडले. तिचे खरे बळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या सार्वजनिक दालनांत होते.

सोनी या क्षेत्रात नवखी होती आणि तिचा प्रवेश एका मोडलेल्या भागीदारीतून झाला. सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी निन्टेन्डोच्या आधीच्या यंत्रासाठी ध्वनीची चिप तयार केली होती. त्यातूनच त्या यंत्राला सीडीची जोड देण्याचा करार १९८८ मध्ये झाला. परंतु त्या करारामुळे सीडीवरील खेळांच्या परवान्यांचा ताबा सोनीकडे जाईल, हे यामाउची यांच्या लक्षात आले. जून १९९१ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने या संयुक्त यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपली भागीदारी फिलिप्सशी असल्याचे जाहीर केले. जगासमोर झालेला हा अपमान सोनीच्या वरिष्ठांच्या मनाला लागला. कुतारागींनी स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला, सोनीचे प्रमुख नोरिओ ओगा यांनी त्यांना पाठबळ दिले, आणि निन्टेन्डोने आपल्याच हाताने एक बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा केला.

यंत्राच्या अंतरंगात

जपानमध्ये सॅटर्न २२ नोव्हेंबर १९९४ रोजी ४४,८०० येनला, तर प्लेस्टेशन अवघ्या अकरा दिवसांनी, ३ डिसेंबरला ३९,८०० येनला आले. निन्टेन्डो ६४ साठी ग्राहकांना २३ जून १९९६ पर्यंत थांबावे लागले; त्याची किंमत मात्र २५,००० येन एवढीच होती.

सॅटर्नची रचना गुंतागुंतीची होती. त्यात हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर आणि चित्रांसाठी आणखी दोन प्रोसेसर होते. कागदावर ही ताकद मोठी दिसे. परंतु दोन्ही मुख्य प्रोसेसर स्मृतीपर्यंत एकाच वाटेने जात, त्यामुळे एकाचे काम चालू असता दुसऱ्याला खोळंबावे लागे. दोघांकडून बरोबरीने काम करून घेणे हे मोजक्याच कुशल प्रोग्रॅमरांना साधले. त्यातच त्रिमितीय आकृत्या रचण्यासाठी इतरत्र त्रिकोण वापरले जात असताना सॅटर्नची भिस्त चौकोनांवर होती. द्विमितीय खेळांत मात्र त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. हाताने रेखाटलेल्या चित्रांचे मारामारीचे खेळ, विशेषतः जादा स्मृतीचे कार्ट्रिज जोडल्यावर, त्याच्यावर जितके सहज चालत तितके प्लेस्टेशनवर चालत नसत.

प्लेस्टेशनची मांडणी त्या मानाने सरळ होती. एक मुख्य प्रोसेसर, त्याच्या जोडीला त्रिमितीचे गणित करणारा भाग आणि चित्र रेखाटणारी चिप. सोनीने प्रोग्रॅमरांना तयार साधने पुरवली, त्यामुळे लहान कंपन्यांनाही थोड्या अवधीत खेळ बनवता येऊ लागला. त्यात दोष नव्हते असे नाही. जवळून पाहिल्यास भिंती आणि जमिनी किंचित थरथरत, वाकड्या होत. परंतु सुट्या भागांची संख्या कमी असल्याने उत्पादन वाढेल तसा खर्च उतरत गेला. सॅटर्नला ही सोय नव्हती. किंमत उतरवताना सेगाला प्रत्येक वेळी स्वतःच्याच खिशात हात घालावा लागला.

निन्टेन्डो ६४ तांत्रिकदृष्ट्या सर्वांत प्रगत होते. सिलिकॉन ग्राफिक्स या ख्यातनाम कंपनीच्या साहाय्याने घडवलेल्या या यंत्राचा मुख्य प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झ गतीचा होता, प्लेस्टेशनचा सुमारे ३४. त्याची चित्रे थरथरत नसत. अंगठ्याने हळुवार झुकवता येणारी कळ त्याने प्रचारात आणली आणि एकाच वेळी चार जणांना खेळता येईल अशी सोय यंत्रातच दिली. ‘सुपर मारिओ ६४’ ने त्रिमितीय जगात पात्र कसे वावरावे याचा जणू वस्तुपाठच घालून दिला.

तबकडी की कार्ट्रिज

असे असूनही निन्टेन्डो ६४ मागे पडले. याचे मुख्य कारण खेळ ज्यात भरून विकला जाई त्या वस्तूत होते. सॅटर्न व प्लेस्टेशन यांनी सीडी स्वीकारली. निन्टेन्डोने कार्ट्रिज सोडले नाही.

कार्ट्रिजचे गुण खरे होते. खेळ क्षणात सुरू होई, मुलांच्या हाती ते टिके आणि त्याची नक्कल करणे कठीण होते. सीडीवर ओरखडे पडत, खेळ सुरू होण्याची वाट पाहावी लागे आणि पुढे चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. परंतु सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावे, तर ‘सुपर मारिओ ६४’ अवघ्या ८ मेगाबाइटमध्ये बसवलेला होता. निन्टेन्डो ६४ चे सर्वांत मोठे कार्ट्रिजही ६४ मेगाबाइटच्या पुढे गेले नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा भांडवलाचा होता. कार्ट्रिज म्हणजे चिप बसवलेला महागडा माल. खेळ बनवणाऱ्या कंपनीने निन्टेन्डोकडे आगाऊ मागणी नोंदवायची, पैसे आधी मोजायचे आणि माल हाती येण्यास कित्येक आठवडे थांबायचे, अशी रीत होती. मागणी कमी नोंदवली तर ऐन हंगामात दुकान रिकामे. जास्त नोंदवली तर न खपलेला महाग माल गोदामात पडून. अंदाज चुकला की लहान कंपनी बुडण्याचीच वेळ.

सीडीचा उत्पादनखर्च नाममात्र होता आणि ती थोड्या दिवसांत तयार होई. सोनीकडे तर संगीताच्या व्यवसायाचा अनुभव होता. किंबहुना प्लेस्टेशनची कंपनी १९९३ मध्ये सोनी आणि सोनी म्युझिक यांनी मिळूनच स्थापन केली होती. गाण्याची तबकडी जशी आधी थोडी काढून, खपेल तशी पुन्हा छापून दुकानात पोहोचवतात, तीच पद्धत त्यांनी खेळांना लावली. माल पडून राहण्याचा धोका घटला, तसे नव्या कल्पनेवर पैसे लावण्याचे धैर्य वाढले. अमेरिकेत निन्टेन्डो ६४ चा खेळ साधारणतः ६० ते ७० डॉलरना पडे, प्लेस्टेशनचा ४० ते ५० ना.

परिणाम दिसू लागला. वर्षानुवर्षे निन्टेन्डोसाठीच ‘फायनल फँटसी’ मालिका बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने सातवा भाग प्लेस्टेशनवर आणला. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या या खेळाला तीन सीडी लागल्या. तो कार्ट्रिजमध्ये मावणे शक्यच नव्हते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेची एनिक्स कंपनीही त्याच वाटेने गेली. निन्टेन्डो ६४ साठी जगभरात मिळून चारशेपेक्षाही कमी खेळ निघाले.

दुकानदाराचा विश्वास

सेगाने तर सीडीच निवडली होती, आणि जपानमध्ये तिचा आरंभही दमदार होता. ‘व्हर्च्युआ फायटर’ या आर्केडमधील लोकप्रिय खेळाच्या बळावर पहिल्याच दिवशी दोन लाख सॅटर्न खपली. तरीही अमेरिकेत तिचा पाय घसरला.

मे १९९५ च्या त्या अचानक घोषणेमागे सोनीच्या आधी बाजार गाठण्याची घाई होती. माल थोडा असल्याने तो मोजक्या चारच दुकानसाखळ्यांना दिला गेला. वॉलमार्ट आणि बेस्ट बाय यांसारख्या मोठ्या विक्रेत्यांना याची कल्पनाही नव्हती. सप्टेंबरच्या हिशेबाने जागा, पैसा व जाहिरात यांची आखणी करून बसलेल्या या दुकानदारांना शेजाऱ्याच्या काउंटरवर सॅटर्न दिसले. संताप होणे स्वाभाविक होते. के-बी टॉइज या खेळण्यांच्या साखळीने तर सॅटर्न विकायचेच नाही असे ठरवले. सप्टेंबर गृहीत धरून खेळ बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचेही वेळापत्रक कोलमडले. उन्हाळाभर नव्या यंत्रासाठी पुरेसे खेळच नव्हते.

ग्राहकांचा विश्वास तर त्याआधीच डळमळला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत आपल्या जुन्या यंत्रावर बसवण्याचे ‘३२-एक्स’ हे उपकरण १५९ डॉलरना आणले. जपानमध्ये त्याच महिन्यात सॅटर्न आले होते. थोड्याच काळात ‘३२-एक्स’ला कंपनीने वाऱ्यावर सोडले. ज्या पालकांनी हौसेने ते घेतले, त्यांनी सेगाच्या पुढील मालावर पुन्हा पैसे का घालावेत?

‘बूंद से गई, वो हौद से नहीं आती’ ही म्हण मराठी मुलुखातील पेढ्यांवरही ऐकू येते. सेगाने ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅटर्नची किंमत २९९ डॉलरवर आणली, पुढच्या वर्षी १९९ वर. शंभर डॉलरचा फरक मिटला, पण दुकानदाराच्या मनातला मिटला नाही.

कोणते घ्यावे?

१९९७ च्या नाताळात अमेरिकेतील एखादे कुटुंब दुकानात उभे राहिले असते, तर तिन्ही यंत्रे त्याला १४९ डॉलरच्या आसपास मिळाली असती. घरात भावंडे पुष्कळ, सर्वांनी एकत्र खेळावे अशी इच्छा आणि मुले लहान, तर निन्टेन्डो ६४ उत्तम. मात्र वर्षाकाठी दोन-तीनच खेळ परवडणार. विविधता हवी आणि मुले जरा मोठी, तर प्लेस्टेशन. त्यासोबत खेळाची प्रगती जपून ठेवण्यासाठी स्मृतिकार्ड मात्र वेगळे घ्यावे लागे. सॅटर्नला प्रगती साठवण्याची सोय अंगचीच होती, तरी ती एका छोट्या बॅटरीवर अवलंबून. बॅटरी संपली की सारे पुसले जाई. शिवाय सॅटर्नचे कपाट तोवर रिकामे होत चालले होते. यंत्र वाईट नव्हते, पण पुढच्या वर्षी त्याला नवा खेळ मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नव्हते.

जमाखर्च

अखेरचा हिशेब स्पष्ट आहे. प्लेस्टेशनची १० कोटी २४ लाखांहून अधिक यंत्रे गेली. दहा कोटींचा टप्पा ओलांडणारे ते घरगुती टीव्हीवरील पहिले गेम यंत्र ठरले. निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३ कोटी २९ लाख, तर सॅटर्नची सुमारे ९२ लाख.

तथापि दुसरा आणि तिसरा यांच्या नशिबात मोठे अंतर होते. निन्टेन्डो मागे पडली तरी नफ्यात राहिली. तिच्याकडे स्वतःचे गाजलेले खेळ होते, ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे यंत्र होते आणि त्यावर १९९६ मध्ये आलेला ‘पोकेमॉन’ होता. एका दुकानात गिऱ्हाईक कमी झाले, तर दुसऱ्या दुकानाचा गल्ला भरत होता. सेगाला तसा आधार नव्हता. १९९८ च्या मार्चअखेर तिला मोठा तोटा झाला. त्याच वर्षी आलेले ‘ड्रीमकास्ट’ हे पुढील पिढीचे यंत्र अनेकांच्या मते उत्कृष्ट होते, पण ते खपवण्यासाठी लागणारी पत आणि भांडवल दोन्ही आटले होते. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रांच्या व्यवसायातून निवृत्ती जाहीर केली.

या पडझडीत एक नाव आदराने घेतले जाते. सेगाच्या मूळ गुंतवणूकदार कंपनीचे संस्थापक इसाओ ओकावा त्या वेळी सेगाचे अध्यक्ष होते. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून कंपनीला ५० कोटी डॉलर उसने दिले होते. आजारपणाच्या अखेरच्या दिवसांत त्यांनी ते कर्ज माफ केले आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे आपले समभागही कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या आधारावर सेगा उभी राहिली आणि एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांसाठी खेळ बनवू लागली.

त्याच वर्षाच्या अखेरीस सेगाचा ‘सॉनिक’, जो एका काळी मारिओला हरवण्यासाठीच जन्माला घातला गेला होता, प्रथमच निन्टेन्डोच्या यंत्रांवर धावला. पेढी वाचली होती; तिच्या पाटीखाली आता दुसऱ्याच्या दुकानात माल विकला जात होता.