लघुप्रतिमा (संगणक)

लघुप्रतिमा म्हणजे संगणकातील चित्राची फाइल न उघडताच ते चित्र ओळखता यावे, यासाठी फाइल व्यवस्थापकात दाखवली जाणारी त्याची लहान आवृत्ती होय. इंग्रजीत तिला थंबनेल म्हणतात. लघुप्रतिमा दिसेनाशा झाल्या की त्यांच्या जागी सर्व फाइलींना एकच ठरावीक चिन्ह दिसते. त्यामुळे छायाचित्रे नष्ट झाली, असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात लघुप्रतिमा ही मूळ चित्रावरून तयार केलेली दुय्यम प्रत असते. ती नाहीशी झाल्याने मूळ चित्राला बाधा येत नाही आणि मूळ फाइल सुस्थितीत असेल तर ती पुन्हा तयार करता येते.

संज्ञा

थंबनेल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ अंगठ्याचे नख असा आहे. चित्रकार मोठे चित्र काढण्यापूर्वी जे अगदी लहान कच्चे रेखाटन करतात, त्यालाही हा शब्द वापरला जातो. मराठीत लघुप्रतिमा आणि लघुचित्र हे दोन पर्याय आढळतात. त्यांपैकी लघुचित्र हा शब्द राजपूत, मुघल आदी चित्रशैलींतील लहान आकाराच्या चित्रांसाठी रूढ असल्याने संगणकाच्या संदर्भात लघुप्रतिमा हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो. मराठी विकिपीडियावर लेखात चित्र लहान आकारात बसवण्यासाठी ‘इवलेसे’ हा सूचक शब्द वापरला जातो.

उपयोग

अंकीय कॅमेरे छायाचित्रांना सहसा चार अक्षरे आणि चार अंक अशी नावे देतात. या नावांवरून चित्राच्या विषयाचा बोध होत नाही. शेकडो फाइलींमधून हवे ते चित्र निवडताना लघुप्रतिमा हीच त्याची मुख्य ओळख असते.

जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमांच्या बाबतीत ही गरज अधिक जाणवते. कोल्हापूर येथील पुराभिलेखागारात कोल्हापूर संस्थानाचे दप्तर असून त्यात मोडी लिपीतील कागद मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा कागदांच्या प्रतिमा अभ्यासताना लघुप्रतिमेतील अक्षरे वाचता येत नाहीत. मात्र शिक्क्याची जागा, समासाची रुंदी, कागदाचा फाटका कोपरा किंवा डाग यांवरून पान ओळखता येते. घरगुती संग्रहांचेही महत्त्व कमी नाही. पंचगंगेला २०१९ व २०२१ मध्ये आलेल्या महापुरांच्या काळात टिपलेली घरांची, दुकानांची व शेतांची छायाचित्रे नुकसानीची नोंद म्हणून मोलाची आहेत. लघुप्रतिमा दिसत नाहीत एवढ्यावरून अशा फाइली निकामी समजून पुसून टाकल्यास झालेली हानी भरून येणे कठीण असते.

कार्यपद्धती

फोल्डर उघडल्यावर फाइल व्यवस्थापक त्यातील प्रत्येक चित्र वाचतो, त्याचा आकार घटवतो आणि तयार झालेली लहान प्रत दाखवतो. ४००० × ३००० पिक्सेलच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. २५६ × १९२ पिक्सेलच्या लघुप्रतिमेत ते केवळ ४९,१५२ असतात. म्हणजे लघुप्रतिमेत मूळ चित्राच्या सुमारे २४४ व्या हिश्श्याइतकेच पिक्सेल उरतात. हे काम दर वेळी करावे लागू नये, म्हणून तयार झालेल्या प्रती एका राखीव साठ्यात ठेवल्या जातात. या साठ्याला कॅश म्हणतात.

विंडोज एक्सपीमध्ये हा साठा त्या त्या फोल्डरमध्येच ‘थंब्स डॉट डीबी’ नावाच्या अदृश्य फाइलीत ठेवला जाई. विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक वापरकर्त्यासाठी एका ठिकाणी एकत्र ठेवला जातो. लिनक्सवरील अनेक फाइल व्यवस्थापक ‘फ्रीडेस्कटॉप’ प्रकल्पाने ठरवलेला संकेत पाळतात. त्यानुसार लघुप्रतिमा पीएनजी स्वरूपात साठवल्या जातात. साधारण प्रतीची कमाल मर्यादा १२८ × १२८ पिक्सेल, तर मोठ्या प्रतीची २५६ × २५६ पिक्सेल असते. लघुप्रतिमेचे नाव मूळ फाइलीच्या संपूर्ण पत्त्यावरून ठरते. म्हणून फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यास जुनी लघुप्रतिमा तिला लागू पडत नाही.

याखेरीज अनेक कॅमेरे छायाचित्राच्या फाइलीतच, एक्झिफ या माहितीविभागात, एक छोटी प्रत ठेवतात. तिचा आकार बहुधा १६० × १२० पिक्सेल असतो.

लघुप्रतिमा न दिसण्याची कारणे

दोष किती फाइलींत आहे, हे पाहिल्यास कारणाचा अंदाज करता येतो.

१. कोणत्याच चित्राची लघुप्रतिमा दिसत नसेल, तर बहुधा फाइल व्यवस्थापकातील पर्याय बंद असतो किंवा यादी, तपशील यांसारखी मांडणी निवडलेली असते.
२. पूर्वी दिसणाऱ्या लघुप्रतिमा काळ्या, रिकाम्या किंवा भलत्याच चित्राच्या दिसू लागल्यास साठा बिघडलेला असण्याची शक्यता असते.
३. एकाच प्रकारच्या फाइलींच्या लघुप्रतिमा दिसत नसतील, तर ते स्वरूप वाचणारा घटक संगणकात नसतो. ॲपलने २०१७ पासून आयफोनमध्ये वापरात आणलेले एचईआयसी हे स्वरूप याचे नेहमीचे उदाहरण आहे.
४. एखाद्याच फाइलीची लघुप्रतिमा दिसत नसेल, तर ती फाइल अपुरी उतरलेली, चुकीचे विस्तारनाम असलेली किंवा खराब झालेली असू शकते.

पूर्ववत करण्याच्या पद्धती

विंडोज

प्रथम ‘व्ह्यू’ यादीतून मध्यम किंवा मोठ्या चिन्हांची मांडणी निवडली जाते. तरीही लघुप्रतिमा न दिसल्यास फोल्डरच्या ‘ऑप्शन्स’ खिडकीतील ‘व्ह्यू’ विभागात ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ या पर्यायासमोरील खूण काढावी लागते. हा पर्याय नकारार्थी आहे. खूण असेल तर लघुप्रतिमा दिसत नाहीत.

संगणकाचा वेग वाढवण्यासाठी सिस्टिमच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडल्यास लघुप्रतिमाही बंद होतात. अशा वेळी तेथील ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ या ओळीपुढे खूण करणे पुरेसे असते. शाळा किंवा कार्यालयाच्या संगणकांवर व्यवस्थापकाने लघुप्रतिमा बंद ठेवल्या असल्यास त्या त्याच्या संमतीनेच सुरू करता येतात.

साठा बिघडला असल्यास ‘डिस्क क्लीनअप’मध्ये केवळ ‘थंबनेल्स’ ही ओळ निवडून तो रिकामा केला जातो. त्यानंतर फोल्डर उघडल्यावर लघुप्रतिमा नव्याने तयार होतात. फाइली पुष्कळ असल्यास त्यास काही वेळ लागतो. विंडोज १० व ११ च्या सेटिंग्जमधील तात्पुरत्या फाइलींच्या यादीतूनही हे करता येते. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही असते. त्याच्यापुढे खूण राहिल्यास त्यातील मूळ छायाचित्रे पुसली जातात. त्यामुळे प्रत्येक ओळ वाचूनच पुढे जाणे आवश्यक असते.

एचईआयसी फाइलींसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ हा घटक लागतो. विस्तारनाम बदलून जेपीजी केल्याने फाइलीचे स्वरूप बदलत नाही.

लिनक्स

नोम डेस्कटॉपच्या ‘फाइल्स’ या व्यवस्थापकात लघुप्रतिमा सर्व फाइलींसाठी, केवळ याच संगणकावरील फाइलींसाठी किंवा कधीच नको, असे तीन पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडला असल्यास नेटवर्कवरील फोल्डरमधील चित्रांच्या लघुप्रतिमा दिसत नाहीत.

एखाद्या फाइलीची लघुप्रतिमा तयार करण्याचा प्रयत्न फसल्यास त्याची नोंद साठ्यातील ‘फेल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवली जाते आणि पुन्हा प्रयत्न होत नाही. चित्र वाचणारा घटक नंतर बसवूनही लघुप्रतिमा न दिसण्यामागे हे कारण असू शकते. ते उपफोल्डर रिकामे केल्यावर नव्याने प्रयत्न केला जातो.

मॅक

फाइंडरमध्ये ‘व्ह्यू’ यादीतील ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’ उघडून ‘शो आयकॉन प्रिव्ह्यू’ हा पर्याय निवडावा लागतो.

मूळ चित्राची पडताळणी

लघुप्रतिमा आणि मूळ चित्र यांचे अस्तित्व परस्परांहून स्वतंत्र असते. लघुप्रतिमा नसली तरी चित्र सुस्थितीत असू शकते. त्याचप्रमाणे मूळ फाइल खराब झाली तरी साठ्यातील किंवा एक्झिफ विभागातील जुनी लघुप्रतिमा व्यवस्थित दिसत राहू शकते. म्हणून संग्रह दुसऱ्या डिस्कवर हलवताना लघुप्रतिमांवर विसंबून न राहता निवडक फाइली पूर्ण आकारात उघडून पाहणे श्रेयस्कर ठरते. फाइलीचा आकार शून्य बाइट असल्यास तिच्यात चित्राची माहिती उरलेली नसते. मेमरी कार्डावरील फाइली उघडत नसल्यास त्या कार्डावर नवीन छायाचित्रे घेणे टाळावे लागते, कारण नव्या माहितीमुळे जुनी परत मिळवण्याची शक्यता घटते.

खासगीपणा

मूळ छायाचित्र पुसल्यानंतरही त्याची लघुप्रतिमा साठ्यात उरू शकते. गुन्ह्यांच्या तपासात अशा लघुप्रतिमा तपासल्या जातात. तसेच छायाचित्राचा काही भाग कापून ते प्रसृत केल्यास, संपादनाच्या आज्ञावलीने एक्झिफमधील प्रत बदलली नसेल तर कापलेला भाग त्या प्रतीत शिल्लक राहतो. सामायिक संगणक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी लघुप्रतिमांचा साठा रिकामा करणे त्यामुळे हिताचे असते.

हे सुद्धा पाहा

जेपीईजी
एक्झिफ
फाइल व्यवस्थापक
मोडी लिपी