पेठांचा सामना

कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ व शिवाजी तरुण मंडळ यांचा चषकाचा सामना ठरला, की पेठापेठांतून दुसरा विषय उरत नाही. हे संघ देशातील व्यावसायिक लीगमध्ये खेळणारे नव्हेत. त्यांस पेठेचा व तालमीचा आधार आहे. ज्या नगरीत शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले, तेथील तालमींनीच पुढे फुटबॉलही आपलासा केला.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीग स्पर्धेत एका पराभवाची भरपाई पुढील सामन्यात करता येते. बाद पद्धतीत ती सोय नाही. बरोबरी झाल्यास टायब्रेकरच्या पाच-पाच फटक्यांवर निकाल लागू शकतो. म्हणून दुबळा संघ बचाव आवळून वेळ काढतो आणि बलवान संघास लवकर गोल करण्याची निकड भासते.

परंतु कसोटी केवळ खेळाडूंची नसते. पेठेचा अभिमान अनावर झाला, तर शाहू स्टेडियमवर उत्तम चाललेला खेळही थांबवावा लागतो. चीत झालेला मल्ल उठून प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेतो, ही आखाड्याची रीत आहे. तालमीच्या नावाने जयघोष करणाऱ्या प्रेक्षकांनी तीच पाळली, तर चषक कोणत्याही पेठेत गेला तरी सामना सार्थकी लागेल.