भार ओढणारी डिझेल-पिकअप आणि तिचे तेल

आमच्या संघाच्या पुष्कळ सभासदांनी भाड्याच्या मालमोटारीची वाट पाहणे सोडून स्वतःची डिझेल-पिकअप घेतली आहे. गाडी नवी असते, विकणाऱ्याने सांगितलेला ॲव्हरेजचा आकडा पाठ झालेला असतो, आणि पहिल्याच महिन्याच्या हिशेबात तो काही जमत नाही. मग मालकाची नजर चालकाकडे वळते. वर्षानुवर्षे पेढीवर राहिलेला माणूस तेल चोरतो की काय, अशी शंका घेण्यापूर्वी भाराखाली डिझेल कसे खर्ची पडते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारखानदाराचा आकडा खोटा नसतो. परंतु तो प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून काढलेला असतो. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर जोडण्याची चाल मोठी; तेथेही सरकारी चाचणीचे आकडे ट्रेलरविनाच घेतलेले असतात. ट्रेलर जोडला की जादा चाकांचे घर्षण आणि वाऱ्याला अडविणारे आणखी एक अंग, असा दुहेरी बोजा इंजिनावर पडतो.

आपल्या वाटेचेच उदाहरण घेऊ. गोव्याच्या किनाऱ्यावरून बेळगांवास यावयाचे म्हणजे सुमारे ७५० मीटर चढावयाचे. एक टन वजन इतके उंच नेण्यास सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलात साधारण ३ कोटी ६० लाख ज्यूल असतात. पैकी चाकांपर्यंत पोहोचतो तो अदमासे तिसरा हिस्सा, बाकीची बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे नुसत्या चढणीपायी दर टनास ०.६ लिटर. गाडी व माल मिळून तीन टन धरले तर पावणेदोन लिटरांहून अधिक तेल केवळ उंचीपायी गेले. रस्त्याचे व वाऱ्याचे देणे निराळेच. यात चालकाचा काय अपराध?

त्याच्या हाती आहे तो वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर धावल्यास तो पावणेदोन पटींवर जातो. उंच रचलेली पोती आणि फडफडणारी ताडपत्री हा विरोध आणखी वाढवितात, आणि त्याबद्दल गोदामात माल भरणाऱ्यासच विचारावे लागेल. टायरांतील हवा कमी असली तर तीही तेल खाते.

मात्र केवळ ॲव्हरेजवरून हिशेब करणे आम्हांस मान्य नाही. समजा, पाऊण टन मालासह गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते, दीड टनासह १०. ॲव्हरेज घसरले खरे. परंतु पहिल्या खेपेत एका लिटरात ९ टन-किलोमीटर काम झाले, दुसऱ्यात १५. तोटा अर्ध्या भरलेल्या खेपेत आहे. म्हणून टाकी दर वेळी काठोकाठ भरावी, वजनकाट्याची पावती जपावी आणि चार-सहा खेपांचा खर्च टनामागे मांडावा. क्षमतेबाहेर भरण्याचा मोह मात्र नको. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे.

राहता राहिला उतार. गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास तेल वाचते, हा समज जुना आहे. नव्या इंजिनांत गिअर कायम ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते तेल जळतच राहते, आणि सारा भार ब्रेकांवर येऊन ते तापतात. चोर्ला घाटाच्या वळणांवर तापलेले ब्रेक दगा देऊ शकतात, हे मालकांनी चालकास स्वतः बजावून सांगावे.