विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत फिशिंग रॉड का मोडतो? नवा घेताना काय पाहावे?

कॅनडातील टोरंटोच्या उत्तरेला, गाडीने साधारण तासाभरावर सिमको नावाचे मोठे सरोवर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ते गोठले की त्यावर छोट्या छोट्या झोपड्या उभ्या राहतात. लोक बर्फाला भोक पाडतात, त्यातून गळ सोडतात आणि पर्च, व्हाइटफिश, लेक ट्राउट लागण्याची वाट पाहत बसतात. टोरंटो परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. लहानपणी खाडीकाठी गरवायला बसलेल्या माणसाला हा प्रकार खुणावला तर नवल नाही. मात्र उन्हाळ्यात वापरलेली सहा-सात फुटी काठी तिथे पहिल्याच दिवशी शेंड्याजवळ मोडू शकते. मग दोष थंडीला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

थंडीने काठी ठिसूळ होते का?

थोडीशी होते. आजच्या बहुतेक काठ्या कार्बन किंवा काचेच्या तंतूंच्या असतात आणि ते तंतू एपॉक्सीसारख्या रेझिनने एकत्र बांधलेले असतात. उणे १५-२० अंशांत तंतूंना फारसा फरक पडत नाही. रेझिन मात्र कडक होते आणि धक्का पचवण्याची त्याची ताकद कमी होते. म्हणजे धड असलेली काठी नुसत्या गारठ्याने मोडत नाही. आधीच कुठे टोचा पडलेला असेल, गाडीच्या दारात चेपली असेल किंवा शिशाचे वजन आपटून बारीक तडा गेला असेल, तर तो तडा थंडीत लवकर फाकतो.

खरा खलनायक बर्फ आहे, तोही काठीवरच्या कड्यांमधला. दोरी गुंडाळताना पाणी वर येते आणि कड्यांत थेंब थेंब गोठते. दहा-पंधरा मिनिटांत कडी बुजते, दोरी अडकते. अशा वेळी गोठलेल्या बोटांचा माणूस जे करतो तेच महागात पडते. तो दोरी हिसडतो, नाहीतर काठी बुटावर किंवा बादलीच्या काठावर आपटतो. त्याने कडीच्या आतला सिरॅमिकचा गोल तडकतो किंवा शेंडा तुटतो. तडकलेला गोल पुढे दोरी कापत राहतो आणि मासा सुटला की आपण गाठीला बोल लावतो.

उपाय अगदी साधा आहे. शेंडा भोकातल्या पाण्यात क्षणभर बुडवायचा. सरोवरातले पाणी शून्य ते चार अंशांच्या दरम्यान असते, बाहेरच्या हवेपेक्षा बरेच गरम. कडीतला बर्फ त्याने सुटतो. उरलेला अंगठ्याच्या उबेने काढायचा. नखाने किंवा चाकूने टोकरायचा नाही.

म्हणून विकत घेतानाच मोठ्या कड्यांची काठी पाहावी. बर्फावरच्या मासेमारीसाठी बनवलेल्या चांगल्या काठ्यांना शेंड्यापर्यंत तुलनेने रुंद कड्या असतात. छिद्र मोठे, म्हणजे ते बुजायला वेळ लागतो.

कार्बन की काच?

इंजिनीअरिंगला मटेरियल सायन्सचा पेपर दिलेल्यांना स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख आठवत असेल. पास होण्यापलीकडे त्याचा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते, पण इथे होतो. साध्या कार्बन तंतूचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, सुमारे २३० गिगापास्कल असतो. काचेच्या तंतूचा सुमारे ७२. त्यामुळे कार्बनची काठी हलकी, ताठ आणि संवेदनशील असते, माशाने आमिषाला नुसते नाक लावले तरी हाताला कळते. पण तुटण्याआधी कार्बनचा तंतू जेमतेम दीड-दोन टक्के ताणला जातो, काचेचा चार-पाच टक्क्यांपर्यंत. काच वाकते, कार्बन हिशेब चुकता करते.

दुकानात काठीवर ‘३० टन’, ‘४० टन’ असे छापलेले दिसते. विक्रेता ते मजबुतीचे माप असल्यासारखे सांगतो. तसे नाही. ते टन मॉड्युलसचे, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर टनाचे आहेत. २४ टन म्हणजेच वरचे साधारण २३० गिगापास्कल. आकडा जितका मोठा तितकी काठी ताठ, आणि सहसा धक्क्याला तितकीच नाजूक. उणे तापमानात, अवजड हातमोजे घालून, बादल्या आणि ड्रिलच्या गर्दीत वापरायच्या काठीला ४० टनांचा उपयोग नाही. पहिल्या हिवाळ्यासाठी भरीव काचेची किंवा काच-कार्बन मिश्रणाची काठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी जड आणि आळशी वाटेल, पण मार्चपर्यंत टिकेल.

लांबी कमी का?

मासा थेट पायाखाली असतो, लांब फेकायचे नसते. म्हणून बर्फावरच्या काठ्या २४ ते ३६ इंचांच्या असतात. झोपडीत बसणार असाल तर २४-२८ इंच पुरतात. मात्र मासा खाली आणि आपण वर, त्यामुळे ओढताना काठी उभी करण्याचा मोह होतो. काठी उभी आणि दोरी सरळ खाली, असे झाले की सगळा भार मुठीकडच्या जाड भागाऐवजी बारीक शेंड्यावर येतो. अशा मोडलेल्या काठीला कुठलाही दर्जा वाचवू शकत नाही. काठी आडवीच्या जवळ ठेवून, मासा हाताने उचलावा.

दोरीचाही संबंध आहे. तंगुसाची दोरी थंडीत कडक होते, तिच्या गुंडाळ्या सरळ होत नाहीत. वेणीची दोरी मऊ राहते, पण पाणी धरते आणि गोठते. शिवाय ती ताणली जात नाही, त्यामुळे सगळा हिसका आखूड काठीला बसतो. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, ते बरे. मूठ कॉर्कची किंवा फोमची हवी, उघडा धातू बोटे गोठवतो. रीळला घट्ट ग्रीस नको.

हिमाचलला जाणाऱ्यांसाठी

तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जाणाऱ्यांना हे सगळे लागू नाही. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा गाठ पडते ती मार्चच्या पहाटेशी आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याशी. परवाना मत्स्यविभागाकडून घ्यावा लागतो. तिथे बहुतेक जण प्रवासाला सोयीची तीन-चार तुकड्यांची काठी नेतात. तिचा कच्चा दुवा म्हणजे सांधे. सांध्यात पाणी गोठले तर पिळून ओढू नका, तळहातात धरून ऊब द्या. रात्री तुकडे सुटे करून, पुसून ठेवा.

आणि काठी कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी कान कोरायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापूस कुठे अडकला तर गोल तडकलेला आहे, दुसरी काठी मागा.