सड्यावरची सीतेची आसवे

बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटाच्या परिसरात जांभ्याचे सडे आहेत. श्रावण-भाद्रपदात तिथं सीतेची आसवे फुलतात. शास्त्रीय प्रजातीनाव युट्रिक्युलारिया. साधारण वीतभर काडी, तिच्यावर जांभळी फुलं. खालच्या पाकळीवर पांढुरका डाग, मागं टोकदार शेपटी. पण खरी गंमत चिखलात आहे. हिला मुळंच नाहीत! धाग्यांवर बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराला लागला की झटक्यात आत ओढला जातो. सड्यावरच्या पातळ मातीत नत्र-स्फुरद जेमतेम, त्याची भर अशी निघते. म्हणून सड्याला ‘पडीक’ म्हटलेलं मला पटत नाही. वर चांगली माती टाकून खत घातलं, तर गवत माजून ही फुलं दडपतील. आणि चिरेखाण निघाली, तर सडाच उरत नाही.